नदीत कयाकमधून मस्की गरवणे : विस्कॉन्सिन नदीसाठी मार्गदर्शन हवे आहे

रेवदंडेकर_मॅडिसन

नमस्कार. मी मूळचा रेवदंड्याचा असून नोकरीनिमित्त सध्या मॅडिसन, विस्कॉन्सिन येथे राहतो. कुंडलिकेच्या खाडीत वडिलांबरोबर जिताडा गरवायला जात असल्यामुळे गरी आणि आमिष यांचे वेड जुनेच आहे. इकडे आल्यावर तलावांत बास आणि ब्लूगिल पकडण्यात काही हंगाम गेले. आता येत्या शरद ऋतूत विस्कॉन्सिन नदीत कयाक घालून मस्कीच्या मागे लागावे, असा विचार आहे.

ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मस्की म्हणजे मस्केलंज, पाइक कुळातला सर्वांत मोठा मासा. लांबट देह, चपटा लांब जबडा आणि त्यात अतिशय धारदार दात. ४० इंचांचा मासा मिळाला तर लोक समाधानाने घरी जातात आणि ५० इंचांच्या माशासाठी वर्षानुवर्षे झुरतात. विस्कॉन्सिनने १९५५ मध्ये त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला. दहा हजार वेळा आमिष फेकावे तेव्हा एक मस्की लागतो, असे इकडे गमतीने म्हणतात.

माझ्याकडे १० फुटी कयाक आहे. ती आत पाय घालून बसायची, म्हणजे वरून अर्धी बंद असलेली साधी कयाक आहे. प्रेरी डू सॅकच्या धरणाखालचा नदीचा पट्टा घरापासून जवळ असल्यामुळे तेथेच सुरुवात करावी असे वाटते. मोटारबोट बाळगणारे माझे ओळखीचे लोक मात्र हसतात आणि मस्की हा कयाकवरून पकडायचा मासाच नव्हे, असे सांगतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य किती, ही कयाक चालेल का, वाहत्या पाण्यात हा मासा नेमका कोठे शोधावा, काठी आणि दोरी कोणती घ्यावी, आणि मुख्य म्हणजे मांडीपासून हातभर अंतरावर एवढा दातेरी मासा आल्यानंतर पुढे काय करायचे, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

काठावरचा

रेवदंडेकर, आपला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तो शेवटीच विचारतात. मी विस्कॉन्सिनमधल्याच वॉसॉ शहराच्या बाजूला राहतो आणि याच नदीच्या वरच्या अंगाला कयाकमधून मस्की गरवतो. त्यामुळे हे जमते, असे खात्रीने सांगू शकतो. मात्र मासा लागल्यावर करायची तयारी आधी पूर्ण हवी आणि मासा लागण्याची तयारी त्यानंतर, असा क्रम ठेवावा लागतो.

प्रथम नदीविषयी लिहितो. विस्कॉन्सिन नदी मिशिगनच्या सीमेवरील लॅक व्ह्यू डेझर्ट या तलावातून निघते आणि सुमारे ४३० मैल वाहून मिसिसिपीला मिळते. वाटेत तिच्यावर वीजनिर्मितीची इतकी धरणे आहेत की वरच्या भागात ती नदी कमी आणि एकापुढे एक मांडलेल्या जलाशयांची रांग जास्त वाटते. प्रेरी डू सॅक हे त्यांतले शेवटचे धरण. तेथून मिसिसिपीपर्यंत सुमारे ९२ मैल ती मोकळी वाहते. आपण निवडलेला हा पट्टा दिसायला फार सुंदर आहे, परंतु तळ वाळूचा आहे. वाळूचे दांडे दर पुराबरोबर जागा बदलतात आणि मस्की विरळ विखुरलेले असतात. तेथे मासे आहेत, याविषयी शंका नाही. मात्र पहिल्याच हंगामात हाती काही लागावे अशी इच्छा असेल, तर स्टीव्हन्स पॉइंटच्या वरच्या अंगाचे खडकाळ पट्टे अधिक उदार आहेत, असे माझे मत आहे.

वाहत्या पाण्यात मस्की शोधण्याचे सूत्र आपल्याला जिताड्याने आधीच शिकवलेले आहे. दबा धरणारा मोठा मासा ओढीत उभा राहून ताकद वाया घालवत नाही. जोराचे पाणी आणि संथ पाणी जेथे एकमेकांना घासून जातात त्या रेषेच्या संथ बाजूला तो थांबतो आणि प्रवाहाबरोबर येणाऱ्या भक्ष्यावर झडप घालतो. म्हणून बेटाच्या खालच्या टोकाशी, वळणाच्या बाहेरच्या काठाला कोसळून पडलेल्या झाडांपाशी, ओढा नदीला मिळतो त्या मुखाशी, पुलाच्या खांबांमागे आणि खळाळत्या पाण्याखाली लगेच सुरू होणाऱ्या डोहाच्या वरच्या व खालच्या ओठावर आमिष फेकावे. खालच्या पट्ट्यात मुख्य प्रवाहापासून तुटलेले जे संथ फाटे आहेत, त्यांची तोंडे मुळीच सोडू नयेत. सकर नावाचे तळाशी चरणारे मासे हे नदीतल्या मस्कीचे मोठे खाद्य आहे. सकरांचे थवे दिसले की तेथे थोडा अधिक वेळ घालवणे योग्य ठरते. शरद ऋतू सरत जातो तसे सगळेच मासे खोल आणि संथ डोहांत गोळा होऊ लागतात. नोव्हेंबरात मी मैलभर पाण्यातले दोन किंवा तीनच डोह पाहतो आणि बाकीचे पाणी वल्हवत ओलांडतो.

पाऊस पडून नदी चढत असेल आणि गढूळ झाली असेल, तर मासे काठाच्या गवतापर्यंत सरकतात. तेव्हा तेथे मासा मिळतोही, परंतु कयाकसाठी ती वेळ वाईट असते. पाणी उतरू लागून निवळत असताना जावे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाची प्रवाहमापन केंद्रे नदीवर आहेत आणि त्यांचे आकडे कोणालाही पाहता येतात. आपल्या पट्ट्यासाठी मस्कोडाचे केंद्र उपयोगी पडेल. एकाच ठिकाणी वेगवेगळ्या प्रवाहात जाऊन आपल्याला झेपणारा आकडा कोणता, हे वहीत नोंदवून ठेवावे.

तापमानाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तलावावरून नदीवर येणारे लोक येथेच चुकतात. खोल तलावात उन्हाळ्यात वरचे पाणी तापले तरी खाली थंड थर असतो. वाहती नदी घुसळली जात असल्याने वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखीच तापते आणि माशाला झरे किंवा थंड ओढ्यांची तोंडे एवढाच आसरा उरतो. पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ अंश सेल्सिअसच्या जवळ गेले की झुंज देऊन दमलेला मस्की सोडल्यानंतर पोहून गेला तरी पुढे मरण्याची शक्यता बरीच वाढते. त्या दिवसांत मस्की गरवायचाच नाही, हा नियम येथील जाणकार मंडळी स्वतःहून पाळतात. खिशात साधा तापमापक ठेवावा. शरद ऋतूत ही अडचण राहत नाही आणि म्हणून आपण निवडलेला काळ योग्य आहे. हंगामापुरते सांगायचे तर महामार्ग क्रमांक १० च्या दक्षिणेला तो मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आणि उत्तरेला मे अखेरीस सुरू होतो आणि दोन्हीकडे ३१ डिसेंबरपर्यंत चालतो. विशिष्ट पाण्यांसाठी वेगळे नियम असू शकतात, त्यामुळे नैसर्गिक संसाधन विभागाची त्या वर्षाची पुस्तिका पाहूनच निघावे.

आता साहित्य. मोटारबोटीवर ९ फुटी काठ्या वापरतात. कयाकमध्ये साडेसात ते आठ फुटांची जड वजनाची काठी पुरते, पण तिची मागची मूठ आखूड असावी, नाहीतर ती दर फेकीला लाइफ जॅकेटमध्ये अडकते. मजबूत बेटकास्टर रीळ, ६५ ते ८० पौंडी ब्रेडेड दोरी आणि तिच्या टोकाला फूटभर तारेचा किंवा १०० पौंडांच्या आसपास ताकदीचा जाड फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधला दातांना न तुटणारा तुकडा, घ्यावा. लीडरशिवाय या माशाच्या वाटेला जाऊ नये. दोरी दातांनी तुटली तर तोंडात तीन तिहेरी गऱ्या घेऊन मासा निघून जातो. आमिषे मोजकीच ठेवावीत. एक पितळी पात्यांचा बकटेल (केसांचा झुबका असलेले फिरते आमिष), एक बुडून वर येणारा लाकडी जर्कबेट (झटके देत ओढायचे आमिष) आणि एक मोठे रबरी आमिष एवढ्यावर माझा दिवस निघतो. अँटिगो या जवळच्याच गावी बनणारा सुइक हा चपटा लाकडी जर्कबेट या भागातला जुना आणि आजही चालणारा प्रकार आहे. प्रत्येक गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा आणि वापरात नसलेल्या आमिषाच्या गऱ्यांवर टोपण घालावे, कारण कयाकमध्ये सगळे साहित्य आपल्या गुडघ्यांभोवतीच असते.

मस्की पुष्कळदा आमिषामागे बोटीपर्यंत येतो आणि तेथे थबकतो. म्हणून आमिष पाण्याबाहेर काढण्यापूर्वी काठीचे टोक पाण्यात बुडवून ते बोटीलगत आठच्या आकड्यात फिरवण्याची पद्धत आहे. (हा आठ इंग्रजी आकड्यातला समजावा. आपल्या मराठी आठाच्या वळणाने मासा वाटेतच सुटेल.) बसल्या जागेवरून पूर्ण आठ काढणे अवघड जाते. त्याऐवजी आमिष जवळ येताच काठी एका बाजूला वळवून रुंद लंबवर्तुळ काढावे आणि वळणावर आमिष किंचित खोल न्यावे. उत्तरेकडच्या नद्यांचे पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस असते, त्यात माशाला आपण अगदी शेवटी दिसतो. म्हणून प्रत्येक फेकीनंतर ही फेरी काढण्याचा आळस करू नये. आपण पाण्यापासून फार उंच नसल्यामुळे मागे आलेला मासा आपल्यालाही उशिराच दिसतो. पाण्यावरची चमक कमी करणारा पोलराइज्ड चष्मा त्यासाठी हवाच.

मासा लागला की झटका जोरात द्यावा, कारण आपला निम्मा जोर बोट माशाकडे सरकण्यात जातो. गऱ्यांना धार असणे म्हणूनच येथे अधिक गरजेचे आहे. काठी शक्यतो नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दिशेने ठेवावी. मासा बोट ओढत नेतो आणि ते आपल्या फायद्याचेच असते, कारण ओढता ओढता तो दमतो. प्रश्न तो कोठे नेतो एवढाच आहे. पुढे पडलेली झाडे किंवा खळाळ असेल, तर आधी वल्ह्याचे दोन हात मारून संथ पाण्यात यावे आणि मगच झुंज पुरी करावी.

त्यानंतरच्या दोन मिनिटांसाठी पुढील वस्तू बसल्या जागेवरून, न वळता, हाताला लागल्या पाहिजेत: रबराचा लेप असलेले मोठे आणि खोल हातजाळे, लांब नाकाची पक्कड, छोटा बोल्ट कटर आणि जबडा उघडा ठेवणारा चिमटा. जाळे लहान असेल तर मस्की गरवू नये, असे मी स्पष्टच म्हणेन. मासा डोक्याच्या बाजूने जाळ्यात घ्यावा आणि तो जाळ्यातच, पाण्यातच राहू द्यावा. गरी खोल रुतली असेल तर ती उपटत बसू नये. बोल्ट कटरने तिचे तुकडे करून आमिष मोकळे करावे. गरी काही पैशांना मिळते, तर ४० इंचांचा मासा व्हायला बरीच वर्षे लागतात. छायाचित्र हवेच असेल, तर हात कल्ल्याच्या झाकणाखालून जबड्याच्या हाडापर्यंत न्यावा, लाल कल्ल्यांना स्पर्श होऊ देऊ नये, दुसरा हात पोटाखाली ठेवावा आणि मासा आडवाच धरावा. जबड्याला धरून उभा लटकवला तर त्याच्या मणक्यावर आणि आतल्या अवयवांवर ताण येतो. मांडीवर मस्की घेणे हा कयाकवाल्यांचा आवडता फोटो आहे, परंतु त्या आमिषाची दुसरी तिहेरी गरी मोकळी असते आणि माशाने एक उसळी घेतली की ती कोणाच्या मांडीत जाते, हे वेगळे सांगायला नको.

अनघा_पिट्सबर्ग

काठावरचा यांनी माशाची बाजू उत्तम मांडली आहे, मी माणसाची मांडते. मी ॲलेगेनी नदीत आणि फ्रेंच क्रीकमध्ये वल्हवते. दोन्ही ठिकाणी मस्की आहे, परंतु मी आधी वल्हेकरी आणि मग मासेवाली आहे.

रेवदंडेकर, आपली आत बसायची कयाक शरद ऋतूतल्या नदीवर या कामासाठी वापरू नये, असे मला वाटते. ती उलटली की पाण्याने भरते आणि भर प्रवाहात ती रिकामी करून पुन्हा आत शिरणे एकट्या माणसाला जवळपास अशक्य असते. वर बसायची, रुंद, तळाशी निचऱ्याची भोके असलेली कयाक उलटली तरी तरंगत राहते, तिला सरळ करून पोटावर चढता येते. नवी घेण्याची गरज नाही, वापरलेल्या कयाकचा बाजार मोठा आहे. मात्र घेतल्यावर जुलैच्या उबदार पाण्यात, तलावात, मुद्दाम उलटून पुन्हा चढण्याचा सराव करावा आणि तो मासेमारीच्या कपड्यांत करावा. पायडलवाली कयाक हात मोकळे ठेवते म्हणून मोहात पाडते, पण उथळ वाळूत आणि दगडांत तिचे पाते आपटत राहते, हे लक्षात घ्यावे.

लाइफ जॅकेट प्रत्येकासाठी बोटीत असणे कायद्याने बंधनकारक आहेच. आमच्या पेनसिल्व्हेनियात १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल या काळात १६ फुटांपेक्षा लहान बोटीत आणि कोणत्याही कनू किंवा कयाकमध्ये ते अंगावर घातलेलेच असावे लागते. विस्कॉन्सिनमध्ये अशी तारखेची सक्ती नसली, तरी आपण ती आहे असेच धरून चालावे. थंड पाण्याविषयी १-१०-१ हा आडाखा शिकवला जातो. पाण्यात पडल्यावर पहिले एक मिनिट श्वास आवरण्यात जाते, पुढची साधारण दहा मिनिटे हातपाय उपयोगाचे राहतात आणि शुद्ध हरपेपर्यंत तासाभराचा अवधी मिळतो. यातली दहा मिनिटे वाचली की मला नेहमी हे जाणवते की उलटलेली कयाक, गुंतलेली दोरी आणि गऱ्यांनी भरलेले जाळे हे सगळे त्याच दहा मिनिटांत, बधिर होत जाणाऱ्या बोटांनी निस्तरायचे असते. कपडे हवेच्या नव्हे तर पाण्याच्या तापमानानुसार घालावेत. ऑक्टोबरची दुपार उबदार असते आणि तीच फसवते. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा पोशाख, महाग आहे, पण नोव्हेंबरात जायचेच असेल तर मला त्याला पर्याय दिसत नाही.

वाहत्या पाण्याचे तीन धोके नवख्यांना दिसत नाहीत. पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी गाळून जाते, माणूस आणि बोट मात्र अडकतात. काठावरचा यांनी ज्या झाडांपाशी आमिष फेकायला सांगितले आहे, ती हीच झाडे. तेव्हा त्यांच्या वरच्या अंगाला वाहत जाऊन आमिष टाकू नये. आधी बाजूने खाली उतरावे, संथ पाण्यात स्थिर व्हावे आणि खालून वर फेकावे. दुसरा धोका ठेंगण्या बंधाऱ्यांचा. वरून ते पाण्याची एक सरळ रेष दिसतात, पण खाली पाणी मागे वळून गोल फिरत राहते आणि त्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही. मोठ्या धरणांच्या खालीही मासे गोळा होतात म्हणून लोक जवळ जातात. तेथील तरंगत्या खुणांच्या पलीकडे जाऊ नये, कारण दरवाजे केव्हा उघडतील याचा भरवसा नसतो.

तिसरा धोका नांगराचा. प्रवाहात कयाकच्या कुशीला नांगर बांधला तर ती आडवी होते आणि क्षणात उलटते. नांगर टाकायचाच असेल तर टोकाला बांधावा, एका झटक्यात सुटेल असा असावा आणि लाइफ जॅकेटवर सुरी असावी. मी नदीत तो वापरतच नाही. हेच तत्त्व मासा जाळ्यात घेतानाही लागू होते. बोट प्रवाहाबरोबर मोकळी वाहत असेल तर कोणत्याही बाजूला वाकले तरी फरक पडत नाही. परंतु ती खडकाला टेकली असेल किंवा नांगरलेली असेल आणि आपण वरच्या अंगाला वाकलो, तर प्रवाह ती कड खाली दाबतो. तेव्हा वाकायचे ते खालच्या अंगालाच.

मिनेटोंका_आबा

दोघांचेही म्हणणे मान्य असूनही मी थोडा वेगळा सल्ला देतो. मी मिनेसोटातला, मोटारबोटीतून गरवणारा जुना माणूस आहे. आमच्याकडे राज्यभर मस्कीची किमान लांबी ५४ इंच ठेवलेली असल्यामुळे येथे तो जवळजवळ केवळ सोडण्यासाठीच पकडला जातो. सेंट क्लाउडपासून मिनियापोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांकडे येणाऱ्या मिसिसिपीत कयाकवाले मस्की पकडतात, हे मी जाणतो. माझा आक्षेप एवढाच आहे की नवा मासा, नवी बोट आणि नवी नदी या तीन गोष्टी एकाच हंगामात हाती घेऊ नयेत. त्याची किंमत पुष्कळदा मासा मोजतो. रेवदंडेकर, आपल्या घराजवळच मॅडिसन शहरात विंग्रा तलाव आहे. तो लहान आणि उथळ आहे, तेथे मस्की चांगला आहे आणि बोटी हळूच चालवाव्या लागतात. पहिला मासा तेथे जाळ्यात घ्यावा. काठी फिरवणे, जाळे हाताळणे, गरी कापणे हे सारे स्थिर पाण्यात हातात बसले की मग नदीवर जावे. एका उन्हाळ्याचा उशीर म्हणजे काही नुकसान नव्हे.

दुसरे असे की आपण म्हणता त्या मित्रांचे हसणे फार मनावर घेऊ नका. मोटारबोटीला कमीत कमी गुडघ्याएवढे पाणी आणि उतरवायला पक्का धक्का लागतो. दोन खळाळांच्या मध्ये अडकलेल्या डोहात त्यांना जाता येत नाही, आणि तेथील मासा आमिषे पाहून विटलेला नसतो. सर्वांत वजनदार मस्कीच्या विक्रमांची गोष्ट वेगळी आहे. १९४९ मध्ये चिप्पेवा फ्लोएज या विस्कॉन्सिनमधल्या जलाशयात लुई स्प्रे यांनी पकडलेला ६९ पौंड ११ औंसांचा मासा आणि त्याच वर्षी लॅक कूर्ट ओरेय तलावात कॅल जॉन्सन यांनी पकडलेला ६७ पौंड ८ औंसांचा मासा यांवरून अजून वाद चालतात. पण ते दोन्ही मासे साठलेल्या पाण्यातले. नदीतला मासा सहसा त्यापेक्षा सडपातळ असतो.

रेवदंडेकर_मॅडिसन

तिघांचेही मनापासून आभार. अनघाताई, आत बसायच्या कयाकचा विचार सोडून दिला आहे आणि वापरलेली रुंद कयाक पाहायला सुरुवात केली आहे. आबा, विंग्राची सूचना पटली. या हंगामात तेथेच राहीन आणि नदीवर केवळ मासेमारीविना वल्हवण्यासाठी जाईन.

आणखी तीन शंका आहेत. घरच्यांना हा मासा खाता येतो का, याची मोठी उत्सुकता आहे आणि आम्हा खाडीकाठच्या लोकांना पकडलेला मासा सोडणे पचनी पडायला वेळ लागतो. दुसरे असे की जिवंत सकर आमिष म्हणून वापरले तर दहा हजार फेकी वाचतील का? आणि तिसरे म्हणजे पाइक आणि मस्की एकाच पाण्यात असताना दोघांत गल्लत होऊ नये म्हणून काय पाहावे?

काठावरचा

खाण्याविषयी सांगायचे तर कायद्याने मनाई नाही. राज्यात साधारणपणे ४० इंचांची किमान मर्यादा आणि दिवसाला एक मासा असा नियम असून काही पाण्यांत मर्यादा वेगळी आहे. परंतु अन्नसाखळीच्या टोकाशी असलेल्या आणि दीर्घकाळ जगणाऱ्या या माशात पारा साठत जातो. राज्याच्या सर्वसाधारण सल्ल्यानुसार ५० वर्षांखालील स्त्रियांनी आणि १५ वर्षांखालील मुलांनी मस्की मुळीच खाऊ नये आणि इतरांनी महिन्यातून एकदाच खावा. शिवाय पाइकप्रमाणे त्याच्या मांसात दुफाटी काटे असतात आणि ते नीट काढण्यास चांगली कारागिरी लागते. तव्यावर टाकण्यासाठी वॉलआय आणि पर्च हे मासे याच नदीत आहेत आणि रवा लावून तळल्यावर त्यांच्याविषयी कोकणी माणसाची तक्रार राहत नाही. मस्कीची मादी उशिरा वयात येते आणि नरापेक्षा मोठी होते, त्यामुळे ४५ इंचांचा मासा मारणे म्हणजे बहुधा अंडी घालणारी मादी मारणे होय. सोडण्याची प्रथा येथे त्यामुळेच रुजली.

जिवंत सकर शरद ऋतूत उत्तम चालतो. पण एकेरी गरीवर तो देऊन मासा गिळेपर्यंत थांबण्याची जुनी रीत पूर्णपणे टाळावी. गरी पोटात गेलेला मस्की सोडल्यावर पोहत जातो आणि पुढे आठवड्यांनी मरतो. लगेच झटका देता येईल अशी दुहेरी जोडणी किंवा गोल वळणाची गरी, एवढेच पर्याय वापरावेत. कयाकमध्ये सकर जिवंत ठेवण्याची बादली सांभाळणे आणि त्याच वेळी प्रवाहात बोट रोखणे हे कष्टाचे काम आहे, म्हणून मी ते करीत नाही. आमिषासाठी घेतलेले मासे आणि बादलीतले पाणी एका जलाशयातून दुसऱ्यात नेण्यावर निर्बंध आहेत. निघताना कयाकमधले पाणी काठावरच रिकामे करावे आणि चिकटलेल्या वनस्पती काढून टाकाव्यात. २००५ च्या सुमारास सेंट लॉरेन्स नदीत विषाणूजन्य रक्तस्रावी रोगाने मोठे मस्की मेले होते आणि हे नियम कडक होण्यामागे तो रोगही एक कारण आहे.

ओळख अशी पटवावी. पाइकच्या अंगाचा रंग गडद असून त्यावर फिकट ठिपके असतात. मस्कीचा रंग फिकट असून त्यावर गडद पट्टे किंवा ठिपके असतात, कधी काहीच नसते. पाइकच्या शेपटीची टोके गोलसर, तर मस्कीची टोकदार असतात. तरीही शंका राहिली तर जाळ्यातल्या माशाचा खालचा जबडा खालून पाहावा. एका बाजूला सहा किंवा अधिक छिद्रे असतील तर मस्की, पाच किंवा कमी असतील तर पाइक. दोघांच्या संकरातून होणारा टायगर मस्की ठळक पट्ट्यांचा असतो आणि त्याला प्रजा होत नाही. छिद्रांची मोजणी करताना बोटे जबड्याच्या बाहेरच ठेवावीत.

अनघा_पिट्सबर्ग

एक राहून गेले. नदीवर उतरण्याची आणि बाहेर पडण्याची जागा वेगळी असते, त्यामुळे दोन गाड्या किंवा सोबती लागतो. एकट्याने जायचे असेल तर आधी प्रवाहाविरुद्ध वल्हवत वर जावे आणि गरवत परत यावे. वर जाता आले नाही, तर त्या दिवशीचा प्रवाह आपल्याला झेपणारा नाही, हे गाडी जवळ असतानाच कळते. घरी कोणाला तरी परतीची वेळ आणि बाहेर पडण्याची जागा लिहून द्यावी. शिट्टी लाइफ जॅकेटला बांधावी आणि फोन जलरोधक पिशवीत घालून अंगावर ठेवावा, कयाकच्या कप्प्यात नव्हे. आणि कयाकला छोटी विजेची मोटार बसवायचा विचार आलाच, तर विस्कॉन्सिनमध्ये तिची नोंदणी करावी लागेल. नुसत्या वल्ह्यावर चालणाऱ्या कयाकला ती लागत नाही.